एका माणसाची गाडी

कुराता-साननी क्लचचा दांडा हातात धरला आणि विद्यानं मोठ्यानं वाचलं, "हळूहळू पुढे ढकलावा. झटका देऊ नये."

दांडा करकरला, मग पुढे सरकला. कुराता-साननी समाधानानं मान डोलावली.

ग्योतोकुतल्या या शेडमध्ये विद्या तीन महिने दर बुधवारी येत होती. तिचा नवरा पियुष सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर जपानला आला, त्याच्याबरोबर तीही आली. पुण्यात ती शाळेत जर्मन शिकवायची. इथे दोन वर्षांत कुणाला तिच्याकडून काहीच लागलं नव्हतं. मग जपानीच्या वर्गात कळलं, की शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना जुन्या जर्मन गाडीचं माहितीपुस्तक कुणीतरी वाचून दाखवायला हवंय.

गाडी तीन चाकांची. पुढे दोन, मागे एक. पत्र्याचं टोपण वर उचलायचं आणि एकट्यानं आत उतरून बसायचं. कुराता-सानचे थोरले भाऊ जहाजावर इंजिनिअर होते. १९५२ साली त्यांनी ती हॅम्बुर्गहून आणली आणि एकदाही चालवली नाही. गेल्या वर्षी ते वारले. आता रविवारी एक संग्रहालय ती घेऊन जाणार होतं. चालू करूनच द्यायची, असा कुराता-सानचा हट्ट होता. स्वतः मात्र ते अजून एकदाही आत बसले नव्हते.

"आणली त्या दिवशी सगळी गल्ली जमली होती," ते म्हणाले. लहानपणी पोलिओ झालेला उजवा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला. त्याला लोखंडी पट्ट्या होत्या. तो वाकत नसे. "मी वीस वर्षांचा. आत एकही पेडल नाही हे बघून मी सगळ्यांसमोर ओरडलो, ही लंगड्याची गाडी कुणासाठी आणलीस? दादा म्हणाला, माझ्यासाठी."

"मग?"

"मग काय? एकाच माणसाची गाडी. एवढ्या लांबून येताना याला स्वतःचीच आठवण झाली, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. त्याच्या तोंडावरसुद्धा."

विद्यानं शेवटचं पान उलटलं. पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात घडी केलेला एक पातळ कागद होता. कारखान्याला दिलेल्या ऑर्डरची कार्बन प्रत. ती मनात वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"काय लिहिलंय?"

'पावती आहे' एवढं म्हणूनही भागलं असतं. जे त्या माणसानं मरेपर्यंत सांगितलं नाही, ते आपण सांगावं का? तिनं कागद गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला.

"चालवणाऱ्याची उंची एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर," ती वाचू लागली. आवाज तिनं मघासारखाच ठेवला. "उजवा पाय वाकत नाही, त्यासाठी पुढे लांब जागा सोडावी. सगळं हातानं चालावं. उशीर झाला तरी चालेल, पण हे नीट व्हावं."

कुराता-साननी चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसलं. पुसून झालेली बोटं पुन्हा पुसली.

"तो माझ्याहून वीतभर उंच होता," शेवटी ते म्हणाले. "त्याला यात बसताच आलं नसतं."

मग त्यांनी हात पुढे केला. विद्यानं खांद्याचा आधार दिला. पाय आत गेला आणि कुठेही न अडता सरळ झाला. इंजिन तिसऱ्या खेपेला सुरू झालं.

"कोपऱ्यापर्यंत," ते म्हणाले.

"मी पुढे चालते. सायकली येतात मध्ये."

शेजारची बाई वाळलेले कपडे काढता काढता थांबली. गाडी फटफटत गल्लीतून येऊ लागली. विद्या कोपऱ्यावर पोचली, वळली आणि तिनं हात वर केला, आता थांबा म्हणून.

कुराता-साननी तिच्याकडे पाहून खोल मान लववली, आणि गाडी नदीच्या रस्त्याला वळवली.