सोनूबाईच्या नावाची पेटी

मी आंब्याची पेटी. होय, लाकडाची! हल्ली जिकडे तिकडे पुठ्ठ्याचे खोके झालेत. पावसाची चार टिपं पडली की माना टाकतात मेले, आणि मिरवतात मात्र केवढं! मी तसली नव्हे. माझ्यावर धडधाकट माणूस उभं राहिलं तरी मी कुरकुरत नाही. राहिलंय उभं माणूस, आणि तेच सांगायला मी बसलेय.

रत्नागिरीच्या एका वखारीत मला ठोकलं. खिळे मारताना ‘आई गं’ म्हणायचीही सोय नव्हती. तिथून टेम्पोत बसून मालगुंडजवळच्या एका वाडीत, सोनूबाईच्या खळ्यात येऊन पडले.

सोनूबाई म्हणजे बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. नवरा केरू होता तोवर पेट्यांवर त्याचं नाव असायचं. तो गेला. भावकीतले म्हणाले, आता मुलाचं नाव घाला, नितेशचं. नितेश मुंबईला नोकरीला. सोनूबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“कलमांना पाणी मी घालते, राखण मी करते, माकडांच्या मागे मी धावते. मग पेटीवर मुंबईचं नाव कशाला रे?”

तिने पत्र्याचा नवा साचा कापून घेतला आणि निळ्या रंगाने माझ्या अंगावर छापलं: सोनूबाई, अस्सल रत्नागिरी हापूस. वाडीत बाईच्या नावाची ही पहिलीच पेटी. लोकांनी तोंडं वाकडी केली. मी मात्र फुगून बसले होते. त्या मोसमात सोनूबाईचे आंबे पोटात घेऊन मी मुंबईला जाऊन आले. वासाने सगळी गाडी घमघमली होती.

आता आमच्याकडची एक रीत ऐका. मोसम संपला की रिकाम्या पेट्या विकून टाकायच्या. पावसाळ्यात ठेवणार कुठे? वाळवी लागते. अनिलशेठ नावाचा व्यापारी टेम्पो घेऊन यायचा आणि घराघरातून पेट्या उचलायचा. वाडीचा निम्मा आंबाही तोच घ्यायचा. पेटीबरोबर आपण आपलं नावही विकतोय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सोनूबाईच्याही नाही. मलाही तिने दिली.

पुढच्या मोसमात शेठच्या गोदामात माझ्या पोटात परमुलखातले आंबे भरले. त्या आंब्यांचा काय दोष? तेही कुणीतरी मायेने वाढवलेले. त्यांच्या नावाने विकले असते तर मीच मिरवलं असतं. पण आत ते आणि अंगावर सोनूबाई! मला इतकी लाज वाटली की खिळे सुटून मोकळं व्हावं असं झालं.

हायवेवर एका कुटुंबाने मला विकत घेतलं. मंडळी गणपतीपुळ्याला निघाली होती. वाटेत सोनूबाईने रस्त्याकडेला आंब्यांचा स्टॉल मांडला होता, तिथे तेच नाव दिसलं आणि गाडी करकचून थांबली. गाडीतल्या बाईंनी मला आणून आदळलं.

“ही पेटी तुमचीच ना? मग हे काय विकलंत आम्हाला?”

सोनूबाईने एक आंबा कापला. वरून पिवळाधमक, आत फिका, आणि वासाचा पत्ता नाही.

“हा आंबा माझा नाय हो, बाई.”

“पण पेटी?”

कुणाच्या बापाला न भिणारी सोनूबाई खाली मान घालून उभी राहिली. तिने आपल्या बागेतले आंबे त्यांना फुकट देऊ केले. बाई म्हणाल्या, “नकोत. विश्वासच राहिला नाही,” आणि गाडी निघून गेली. मी सोनूबाईच्या पायाशी पडले होते. तिचा जीव किती तुटला ते मी पाहिलं.

त्या शनिवारी सून घरी आली. मृणाली. देवरूखच्या कॉलेजात इतिहास शिकवते ती. सासू जेवत नाही म्हटल्यावर तिने सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, “आई, हे अमेरिकेतही होऊन गेलंय. शंभराच्या वर वर्षं झाली.”

“तिकडं पण हापूस होता काय गो?”

“हापूस नाही. पण डब्यावर एक आणि आत दुसरंच. मधाच्या बाटलीत साखरेचा पाक, मुरांब्यात कोळशापासून काढलेला रंग, नासक्या मांसाला औषध फासलेलं. वर नाव मात्र झकास.”

“मग?”

“पत्रकारांनी लिहून लिहून भांडाफोड केली. बायकांची मंडळं उठली. घराघरात बोलल्या, सरकारला अर्जांवर अर्ज केले. तेव्हा त्यांतल्या बहुतेकींना मताचा अधिकारसुद्धा नव्हता. तरी एकोणीसशे सहा साली कायदा करायला लावला. डब्यावर खोटं लिहायचं नाही.”

सोनूबाईने ताट पुढे ओढलं. “मत नव्हतं तरी? आणि आमी मेल्या मत असून सभेत मागं बसून शेंगा खातो!”

पुढच्या रविवारी देवळाच्या मांडवात बागायतदारांची सभा होती. सोनूबाईने मला काखोटीला मारलं आणि निघाली. पुढे पुरुषांची गर्दी. ही बुटकी. दोनदा “मला बोलायचं हाय” म्हणाली, कुणाचं लक्ष नाही. मागून मृणाली कुजबुजली, “आई, तिकडे अमेरिकेत चौकात साबणाचं रिकामं लाकडी खोकं उलटं टाकायचे आणि त्यावर उभे राहून बोलायचे.”

धाडकन मी पालथी पडले आणि सोनूबाई माझ्यावर चढली! काय सांगू तुम्हाला, आंब्याचं ओझं आयुष्यभर वाहिलं, पण असलं वजन कधी पेललं नव्हतं.

“ऐका रे! माझ्या नावाच्या पेटीत दुसराच आंबा विकला गेला. पेटी चोरीला नाय गेली, मीच विकली. तुमी पण विकता. उद्या अस्सल आंबा घेऊन बसलात तरी कुत्रं विचारणार नाय. माझं म्हणणं एवढंच: नाव खरवडल्याशिवाय रिकामी पेटी वाडीबाहेर जायची नाय. आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढं आंबा कापून दाखवायचा.”

अनिलशेठ पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता. तो हसला. “खरवडा की. पण मग नाव नसलेल्या पेट्या मी घेणार नाही, आणि आंबाही उचलेन की नाही, सांगता येत नाही.”

सभा गार पडली. अध्यक्ष दादूकाका म्हणाले, “सोनूबाईच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

आणि मग जी गंमत झाली! हात वर निघायचा, शेठची नजर फिरायची, आणि तो हात डोकं खाजवायला लागायचा. कुणी पदर सारखा केला, कुणी चष्मा पुसला. सोनूबाई लाल झाली. वाकून सुनेला म्हणाली, “तिकडं या भित्र्यांचं काय केलं गो?”

“तिकडेही पूर्वी पक्षाच्या रंगीत चिठ्ठ्या असायच्या. कुणाचं मत कुठे ते लांबूनच कळायचं. मग पडद्याआड मत द्यायची सोय केली.”

सोनूबाई टुणकन खाली उतरली. मला उलटवून सरळ केलं, देवळाच्या मागच्या खोलीत ठेवलं, दारावर चादर टांगली. “प्रत्येकाने दोन पानं घ्या. एक आंब्याचं, एक फणसाचं. माझं पटलं तर पेटीत आंब्याचं पान, नाय तर फणसाचं. उरलेलं पान बाजूच्या गोणीत. आत कोण बघतो?”

दादूकाका म्हणाले, “हरकत नाही.” शेठने हरकत घेतली, पण तोवर बायकांची रांग लागलीसुद्धा.

आत फक्त मी. एकेक जण यायचा, मागे बघायचा आणि पान टाकायचा. एक म्हातारा पान टाकून माझ्याकडे बघत “बरं झालं” म्हणाला. शेठचा स्वतःचा ड्रायव्हरही आला. त्याने काय टाकलं ते मी सांगणार नाही. गुप्त म्हणजे गुप्त!

दादूकाकांनी मला चटईवर रिकामं केलं. आंब्याच्या पानांचा हा ढीग! फणसाची पानं इतकीच की बकरीचंही पोट भरलं नसतं. बायका ओरडल्या, टाळ्या पिटल्या, कुणीतरी देवळातली घंटाच बडवली. शेठ उठला, चप्पल शोधत बाहेर गेला. आंबा त्याने पुढे उचललाच. अस्सल माल सोडून जातो कुठे? फक्त रिकामी पेटी मागायला तो पुन्हा आला नाही.

पण ठराव म्हणजे ठराव. त्याच संध्याकाळी खळ्यात सोनूबाईने कोयता घेतला आणि मला मांडीशी ओढलं. स्वतःचं नाव ते! एवढ्या हट्टाने छापलेलं. तिचा हात क्षणभर थांबला.

“आई, मी करू का?” मृणाली म्हणाली.

“नको. माझं नाव मीच खरवडीन. साचा हाय माझ्याजवळ. ताजा आंबा भरीन तेव्हा ताजं नाव छापीन.”

निळा रंग भुसा होऊन तिच्या लुगड्यावर पडला. मला दुखलं का? छे! त्या दिवशी माझ्यावरचं खोटं उतरलं. शेजारच्या खळ्यांतूनही खरवडल्याचे आवाज येत होते आणि मी मनातल्या मनात नाचत होते.

आता आंबे भरायला नव्या पेट्या आहेत. मी देवळाच्या मांडवातच राहते. एक खिळा सैल झालाय, तेवढा कुणीतरी ठोका, बाकी मी ठणठणीत आहे. तुम्हाला एकच सांगणं: पेटीवरचं नाव जरूर वाचा, पण आंबा कापून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कालच सभा होती, वाडीच्या नळाची. तुळसा नावाची बाई खांबाआड उभी होती. सगळा जन्म खांबाआड गेला तिचा, सभेत चकार शब्द नाही. काल मात्र ती पुढे आली, मला पायाने पालथं केलं, पदर खोचला आणि चढली.

“मला बोलायचं हाय,” ती म्हणाली, आणि अख्खा मांडव तिच्याकडे वळून बसला.

बोल गो बाय, बोल. खाली मी आहे.