मंडळाची खोली

बुधाजीची अर्धी दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर फेस होता, तेव्हा दार वाजलं. त्याने रेझर पाण्याच्या वाटीत आपटला. आज सकाळी कोणी यायला नको होतं. बाराला सर्वेवाले यायचे होते, आणि त्याआधी दाढी, आंघोळ, लादी पुसणं सगळंच उरलं होतं.

त्याने कडी काढली ती चिडूनच. दारात साठीच्या घरातला एक माणूस उभा होता. अंगात वॉचमनचा निळा शर्ट, पण खिशावरचा बिल्ला उसवून काढलेला. तेवढ्या जागी कापडाचा रंग गडद राहिला होता. एका हातात रेक्झिनची बॅग, काखेत गुंडाळलेली चटई.

"सावरखोल ग्रामस्थ मंडळ हेच ना?"

"हेच. देणगी-बिणगी मिळत नाय इथं."

"देणगी नको. राहायला आलोय, पंधरा दिवस."

बुधाजीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कुणी सांगितलं तुला, राहायला मिळतं म्हणून?"

त्या माणसाने दाराशेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं. पत्र्याची पाटी, अक्षरं जुनी, पण वाचता येत होती. 'गावाहून येणाऱ्या कोणाही व्यक्तीस पंधरा दिवस निवासाची सोय.' मंडळाच्या पहिल्या कमिटीने रंगवून घेतलेली. बुधाजी दर दिवाळीला ती पुसत आला होता, आणि शेवटचं वाचली कधी ते त्यालाही आठवत नव्हतं.

"सावरखोलचा आहेस तू?"

"हो. गौतम नाव माझं."

प्रभादेवीला एका जुन्या बिल्डिंगीत एकोणीस वर्षं वॉचमन होता, असं त्याने सांगितलं. जिन्याखालच्या केबिनमध्येच झोपायचा. बायको गेली, गावचं घर पडलं, त्यामुळे ती केबिन हेच घर. मागच्या महिन्यात बिल्डिंग पाडायला घेतली. राहणाऱ्यांना दुसरीकडे भाडं भरायला बिल्डरचे चेक मिळाले. वॉचमनचा विषय कोणाच्या कागदात नव्हता. नऊ दिवस फुटपाथवर काढले, परवापासून तिथूनही उठवतात. एका ठिकाणी नोकरीचं बोलणं झालंय, पंधरवड्यात लागेल. हे सगळं त्याने दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं कोरडेपणाने सांगितलं. हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. बुधाजीला तेही खटकलं.

"सावरखोलचा म्हणतोस. मग सांग, चैत्रात कुठली विहीर आटते?"

"वरच्या आळीची. खालची कधी आटत नाही, पण पाणी मचूळ होतं."

बुधाजीचा चेहरा सैल झाला. गावची विहीर कोणाच्या तोंडून ऐकली की त्याचं असंच व्हायचं. त्याने फेस लागलेला गाल पंच्याने पुसला, गौतमला आत घेतलं, स्टोव्हवरचा चहा दोन पेल्यांत केला आणि समोर बसला.

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीतली ही दुसऱ्या मजल्यावरची खोली दहा बाय बाराची होती, आणि तिचे मालक एकशे चाळीस. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाहून आलेला प्रत्येक गडी इथे ट्रंक ठेवायचा आणि पाळी बघून झोपायचा. गिरण्या बंद पडल्या. ट्रंका उचलून सभासद डोंबिवलीला, विरारला आपापल्या ब्लॉकमध्ये गेले. मागे राहिला तो बुधाजी, कारण त्याला जायला कुठलाच ब्लॉक नव्हता. बैठकीला सतरंजी घालायची, पाणी भरायचं, देवाच्या फोटोला हार घालायचा, आणि त्या बदल्यात इथे झोपायचं. असा बोलाचालीचा व्यवहार एकतीस वर्षं चालला होता. कागद एकही नव्हता. आता चाळ पाडून टॉवर होणार होता आणि सर्वेत राहणाऱ्याचं नाव लागणार होतं; नाव लागेल त्याला टॉवरमध्ये घर. मंडळाचा सेक्रेटरी जगदीश स्वतः म्हणाला होता, "काका, राहता तुम्ही, तर नाव तुमचंच लागणार." म्हणून आज दाढी, म्हणून कपाटाच्या हँडलला लटकवलेला इस्त्रीचा शर्ट.

"आता शेवटचं," बुधाजी म्हणाला. तो खुशीत आला होता. "शिमग्याला पालखी शेवटी कुठपर्यंत जाते?"

गौतमने पेला खाली ठेवला.

"सड्यावरच्या वडापर्यंत. तिथून मागं फिरते."

"अगदी बरोबर."

"पुढं आमची वाडी लागते ना. म्हणून मागं फिरते."

बुधाजीच्या हातातला चहा तसाच राहिला. वडाच्या पुढे एकच वाडी होती. मंडळाच्या एकशे चाळीस सभासदांत बौद्धवाडीचा एकही नव्हता. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण नव्हता.

"तुमची वेगळी खोली होती की. नायगावला," तो म्हणाला.

"होती. ती चाळ गेली. खोली कुणाच्या नावावर, त्यावरून आमच्यातलेच अजून भांडतायत."

बुधाजी उठला आणि त्याने जगदीशला फोन लावून कोण आलंय, कुठल्या वाडीचं, ते सांगितलं. त्याच्या फोनचा कानाशी धरायचा स्पीकर बिघडलेला होता, सगळं मोठ्यानेच ऐकू यायचं. गॅलरीत जाऊन बोलावं एवढी अक्कल त्याला त्या क्षणी सुचली नाही.

"आज, काका? आजचाच दिवस मिळाला?" जगदीशचा आवाज खोलीभर झाला. "बाराला सर्वे आहे. एकदा आत बसला की निघतोय का? आधार कार्ड दाखवून म्हणेल, मी इथलाच."

"पाटीवर लिहिलंय ना, पंधरा दिवस."

"पाटी कधीची, काका! ते सभासदांसाठी आहे."

"गावचा आहे तो."

"गावचा आहे हो, पण मंडळाचा नाही. हे बघा, मी असलं काही मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या ऑफिसात आम्ही एका डब्यात जेवतो. पण बाकीचे सभासद मला फाडून खातील. आणि तुमचंही नाव लागायचंय आज. विचार करा."

फोन बंद झाला. गौतमने चहा संपवला होता.

बुधाजीचा राग सगळ्या चाळीला पाठ होता. दूधवाला, नळ, कबुतरं, वरच्या मजल्यावरची पोरं, कोणावरही तो निघायचा. ज्यांच्यावर निघायला हवा होता त्यांच्यासमोर मात्र त्याचं सगळं घशात अडकायचं. आताही जगदीशला एक शब्द न बोलता तो गौतमकडे वळला.

"तुला मधली वाडी म्हणायला काय झालं होतं? मी काय दाखला बघणार होतो तुझा?"

"का म्हणायचं?"

"का म्हणायचं म्हणजे? डोकं टेकायला जागा पाहिजे होती ना?"

"वाडी का बदलायची मी?"

बुधाजीचा आवाज आणखी चढला. आज नेमका हाच दिवस सापडला का, माझ्या मुळावर उठायला आलास का, एकतीस वर्षं मी काय झक मारली का इथं. शेजारच्या कमलताई दारात आल्या आणि ऐकून पुन्हा आत गेल्या. बोलता बोलता बुधाजीनेच त्याची बॅग उचलली आणि बाहेर गॅलरीत ठेवली. चटई गौतमने स्वतः उचलली.

"सर्वे होईपर्यंत बसतो बाहेर," तो म्हणाला. "झाला की पाटीचं काय ते सांगा."

"इथं बसायचं नाय."

"गॅलरी पण मंडळाची आहे का?"

बुधाजीने दार लावून घेतलं. उरलेली अर्धी दाढी करताना त्याला हनुवटीवर दोनदा लागलं.

साडेबाराला जगदीश आला. सोबत सर्वेची मुलगी होती, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. रश्मी तिचं नाव. जिन्याच्या तोंडाशी बॅगेला टेकून बसलेल्या गौतमला ओलांडून दोघं पुढे आले. बुधाजी इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभा होता. आधार कार्डाची झेरॉक्स त्याने कधीपासून हातात धरली होती, ती घामाने मऊ पडली होती.

रश्मीने खोली मापली, भिंतींचे फोटो काढले. "इथे राहतं कोण?"

"कोणी नाही," जगदीश म्हणाला. "मंडळाची खोली आहे. बैठका होतात."

तिने स्टोव्हकडे पाहिलं, दोरीवरच्या ओल्या पंच्याकडे पाहिलं. "आणि हे काका?"

"हे खोली उघडायला येतात, साफसफाईला."

बुधाजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. जगदीशने त्याचा दंड धरून त्याला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, कमिटीत ठरलंय. एका माणसाचं नाव लागलं की मंडळाचा हक्क संपला. तुमचं बघू आपण नंतर. तोंडी शब्द देतो ना मी."

बुधाजीने दंड सोडवून घेतला. आता तो बोंबलणार, या अंदाजाने कमलताईंच्या घरातला टीव्ही बंद झाला. पण तो ओरडला नाही. घशात अडकायचं ते या वेळी शांतपणे बाहेर आलं.

"मी राहतो इथं," तो रश्मीला म्हणाला. "एकतीस वर्षं. हे खोटं सांगतायत."

जगदीश हसला. "वय झालंय, मॅडम."

रश्मीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला अजून अकरा खोल्या करायच्या होत्या. "काका, लाइट बिल, रेशनकार्ड, काही आहे या पत्त्यावर?"

सगळं मंडळाच्या नावावर होतं. आधार गावचं होतं. बुधाजीने झेरॉक्स पुढे केली आणि तिने पत्ता वाचून परत दिली.

"मग हे राहतात, असं सांगणारं कोणी आहे का? शेजारी, गाववाले, कोणीही. नाव आणि सही लागेल."

बुधाजीने गॅलरीत पाहिलं. कमलताईंचं दार मघाशी उघडं होतं, आता लोटलेलं होतं. पलीकडची खोली दुसऱ्या एका गावच्या मंडळाची. तिथला माणूस आपली झेरॉक्स घेऊन आपल्याच दारात उभा होता आणि खाली रस्त्याकडे बघत होता. बुधाजीने त्यांना दोष तरी कसा द्यावा, त्यांचीही नावं लागायची होती.

"मी सांगतो," जिन्याकडून आवाज आला.

गौतम उठून दारासमोर आला होता.

"यांचा काही संबंध नाही," जगदीश घाईने म्हणाला. "हे आजच आलेत."

"आजच आलोय," गौतम म्हणाला. "सावरखोलचा आहे, बौद्धवाडी."

रश्मीने टॅब वर केला. "तुम्ही आज आलात, तर हे राहतात हे तुम्हाला कसं माहीत?"

"आठ वाजता आलो. हे दाढी करत होते, आतल्या आरशात. चहा केला, मला दिला. मग मला बाहेर काढलं. बॅग स्वतः उचलून ठेवली त्या तिथं." त्याने जागा दाखवली. "राहत नसता माणूस, तर त्यानं मला कुठून बाहेर काढलं असतं?"

बुधाजी लादीकडे बघत होता.

रश्मीने टाइप करायला सुरुवात केली. मध्येच थांबून तिने विचारलं, "बाहेर काढलं, तेही लिहायचं?"

"लिहा. घडलं तसं लिहा."

तिने लिहिलं, मग टॅब गौतमच्या बाजूला वळवला. "आत या ना, इथे टेबलावर ठेवून सही करा."

बुधाजी दारातून बाजूला झाला. "ये," तो म्हणाला.

गौतमने त्याच्याकडे पाहिलं. मग उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला आणि उभ्या उभ्या, सावकाश, पूर्ण नावाने सही केली.