अर्नेस्टीनचा राजीनामा

"अर्नेस्टीनबाई, बसला आहात ना?" फोनवर वकीलबाईंनी विचारलं.

"उभी आहे. भेंडी तळतेय. बोल गं पोरी, काय झालं?"

"निकाल लागला. रंगावरून भेदभाव झाला, हे कोर्टाला पटलं नाही. पुरावा कमी पडला. हे केंद्राचं कोर्ट, म्हणून राज्याच्या कायद्याखालचा दावा त्यांनी ऐकलाच नाही, तो राज्याच्या कोर्टात न्या म्हणाले. पण तक्रार केली म्हणूनच तुम्हाला काढलं, हे मान्य केलं. तुम्हाला परत कामावर घ्यायचा हुकूम झालाय."

अर्नेस्टीननं शेगडी बंद केली. "म्हणजे जिंकलो की हरलो?"

"थोडं थोडं दोन्ही. पण नोकरी तुमची आहे."

अलाबामातल्या त्या लहानशा गावात अर्नेस्टीन गॅड्सडेननं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. गावातले डांबरी रस्ते गोऱ्या ड्रायव्हरांना आणि लांबचे मातीचे रस्ते काळ्यांना, अशीच वाटणी चालत आलेली. एकदा तिनं ते कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. तीन आठवड्यांत 'उद्धट वर्तन' असा शेरा मारून तिला काढून टाकलं.

त्याला सहा वर्षं झाली. चर्चमधल्या बायका तिच्यासमोर नोकरीचा विषय टाळू लागल्या, आणि ते टाळणंच तिला जास्त लागायचं. मधल्या काळात मधुमेह डोळ्यांत उतरला. लायसन्स गेलं.

"आता परत जाऊन करणार काय?" नवऱ्यानं, क्लॉडनं विचारलं.

"जाणार."

"अगं, पण बस कोण—"

"क्लॉड, माझ्या गणवेशाला इस्त्री कर. मला घडी नीट दिसत नाही."

त्यानं इस्त्री तापत ठेवली. घडी मनासारखी बसेना, म्हणून दोनदा इस्त्री फिरवली.

सोमवारी उजाडताच क्लॉडनं तिला डेपोवर सोडलं. साहेब नवा होता, वीम्स नावाचा. त्या भानगडीच्या वेळी तो इथे नव्हताच. त्यानं दाखवलं तिथे बोट टेकवून तिनं सह्या केल्या. ड्रायव्हर जमल्यावर हजेरी सुरू झाली. शेवटी तिचं नाव आलं.

"गॅड्सडेन?"

"हजर."

कुणीतरी हळूच टाळी वाजवली, मग आणखी दोघांनी. सगळे आपापल्या बसकडे गेल्यावर तिनं पर्समधून पाकीट काढून वीम्सपुढे धरलं.

"हे काय?"

"राजीनामा."

"मॅडम, तुम्ही तर आत्ताच रुजू झालात!"

"तासाभरापूर्वी देता आला नसता ना. काढलेल्या माणसाचा राजीनामा कोण घेतो?"

वीम्सनं कागद उघडला. 'मी माझ्या मर्जीनं ही नोकरी सोडत आहे.' एवढंच लिहिलं होतं. त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग खाली तारीख घालून त्यानं सही केली आणि झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली.

"कॉफी घेणार?"

"घेईन. साखर नको."

ती बाहेर आली तेव्हा क्लॉड गाडीला टेकून उभा होता. फाटकातून एकेक बस बाहेर पडत होती. अर्नेस्टीनला नुसते पिवळे पट्टे सरकताना दिसत होते. ती मान किंचित कलती करून ऐकत राहिली.

"आत्ता गेली ती कितवी?"

"चौदा नंबर."

"तिचे मागचे ब्रेक घासतायत. जा, आत जाऊन सांग त्यांना."

क्लॉड सांगायला गेला.