तापूचा टॅबू होण्याआधी

मी एक शब्द बोलतोय. इंग्रजीत मला 'टॅबू' म्हणतात. पगार विचारणं टॅबू, मरणाचा विषय काढणं टॅबू, असा माझा वापर होतो. मराठी वर्तमानपत्रांतही मी अधूनमधून दिसतो.

माझा जन्म पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरचा. तिथं मी 'तापू'. पवित्र म्हणून शिवायचं नाही आणि अशुभ म्हणूनही शिवायचं नाही. तुमचं सोवळं आणि तुमचा विटाळ, दोन्ही माझ्या पोटात. ती एकत्र कशी नांदतात, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. इंग्रज खलाशांनी मला जहाजावर घेतलं, तेव्हा ज्याची ही गोष्ट, त्या वाकाउटाला मरून बरीच वर्षं लोटली होती.

वाकाउटा सरदारांच्या प्रेतांना अखेरची आंघोळ घालायचा. थोरले सरदार वारले, त्यांना त्यानं न्हाऊ घातलं आणि त्याचे हात तापू झाले. पुढचे काही महिने त्या हातांनी खायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. बायको सिआले त्याला भरवायची.

"आ कर. थाट बघा सरदाराचा!"

"सरदाराला मासा काटे काढून मिळतो गं."

"गिळ मुकाट्यानं. काटा अडकला तर निदान बडबड तरी थांबेल."

एके दुपारी सिआले पाणी आणायला गेली आणि त्यांची धाकटी लेक लुपे खडकावरून समुद्रात पडली. वाकाउटा ओरडला. कुणी आलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तिला बाहेर ओढलं.

लेक वाचली, पण आता तीही तापू झाली. अशा हातांनी शिवलेल्या माणसाचं पोट सुजतं आणि तो मरतो, असं सगळे मानत. त्यातून सुटायला मोठ्या सरदाराच्या पायांना हात लावावा लागे. नवा सरदार दूरच्या बेटावर होता आणि वारा उलटा.

वाकाउटानं अन्न सोडलं. "तिचं मरण मला येऊ दे."

"अरे, ती बघ, खेकड्यामागे पळतेय! पोट कुठं सुजलंय तिचं? एक घास घे रे."

त्यानं मान फिरवली.

सरदाराची होडी आली. लुपेनं त्याच्या पायांना हात लावला, ती सुटली. तोवर वाकाउटा गेला होता. लोक म्हणाले, तापूनं नेलं. मी तर त्याला बोटही लावलं नव्हतं. पण मी नसतो, तर तो जेवला असता ना?

लुपे बापाच्या अंगावर झेपावली. तिला दंडाला धरून मागे खेचत सिआले किंचाळली, "तापू!"

वाचकहो, जमलं तर माझ्यावाचून चालवा. सिआलेला जमलं नाही.