चुनह्वाची शीळ

कोरियातल्या जेजू बेटाच्या किनाऱ्यावर बहिऱ्या बाईचं कोणाला काय कौतुक? जन्मभर समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका त्या. सगळ्यांचेच कान अर्धेअधिक कामातून गेलेले. गप्पा मारायच्या त्या ओरडून, आणि गरगरलं की डोकेदुखीची पुडी घ्यायची. त्यामुळे त्यांच्यातल्या मलसुनचं फावलं. खडकांवरून चालताना ती झोकांड्या खायला लागली तरी कोणाला संशय आला नाही. उलट नणंद चुनह्वाने टोमणा मारला, "काय वहिनी, सकाळी सकाळीच घेतलीस वाटतं?"

खरं काय ते मलसुनला ठाऊक होतं. बरा झाला म्हणता म्हणता तिचा लिम्फोमाचा कॅन्सर आता ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसांपर्यंत पसरला होता. डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलं होतं. पण पुन्हा त्या सुया, त्या ओकाऱ्या, भिंतीकडे तोंड करून काढलेल्या त्या दुपारी! जीव नुसता विटून गेला होता. समुद्रात मरण आलं तर येऊ दे मेलं, असं ठरवून ती गप्प राहिली. पाण्याखाली वर कुठलं नि खाली कुठलं कळेनासं झालं की वर तरंगत्या भोपळ्याला बांधलेली दोरी धरून वर यायची.

त्या दिवशी ती वर आली तेव्हा तिच्या जोडीने बुड्या मारणारी चुनह्वाही शेजारीच वर आली होती. दम सोडताना प्रत्येकीच्या तोंडून शीळ निघते, आणि ती ऐकली की जोडीदारीण सुखरूप आहे असं समजायचं. चुनह्वाचे ओठ शिळेसाठी गोल झालेले दिसत होते. मलसुनला काहीच ऐकू आलं नाही. तिने दुसरा कान वळवला. त्यातही काही नाही. उद्या ही खाली अडकली तर मला पत्ताही लागायचा नाही! स्वतःच्या मरणाची तिने तयारी केली होती, चुनह्वाच्या नाही.

शेकोटीपाशी सगळ्याजणी अंग शेकत होत्या, तेव्हा तिने प्रमुख बाईंना सांगितलं, "चुनह्वाला दुसरी जोडीदारीण द्या. मला तिची शीळ ऐकू येत नाही." मग दुखण्याचंही सांगून टाकलं.

चुनह्वा उठली, तिच्या कानाला तोंड लावून बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. शिव्या होत्या की विनवण्या, कोण जाणे. मलसुनला कानावर फक्त ऊन श्वास जाणवत होता.

"बरं," ती थकून म्हणाली, "होते भरती."