निळाई वारली

बायकोचं, पुष्पावतीचं दहावं झालं, पाहुणे पांगले, आणि उत्तमने दुसऱ्याच दिवशी खोडाळ्याच्या बाजारातलं आपलं भांड्यांचं दुकान उघडलं. घरात बसून लोकांचं ऐकायचा त्याला वीट आला होता. जो येई त्याचं एकच पालुपद, बाई सोशीक होती, कधी कोणाला उलटून बोलली नाही. उत्तमला वाटे, हे बोलतायत तरी कोणाबद्दल? पुष्पावती उलटून बोलायची. जेवताना बोलायची, गिऱ्हाइकाला बोलायची, आणि दुपारी गल्ल्यावर बसून मोबाइलमध्ये तर नुसती तुटून पडायची.

त्या मोबाइलमध्ये 'मंजिरबनचे रहिवासी' नावाचा ग्रुप होता. मंजिरबन म्हणजे परीकथेची जाडजूड पुस्तकं आणि त्यांच्यावरून काढलेली मालिका. त्यापायी पुण्या-नागपुराकडची माणसं एकमेकांच्या उरावर बसत. गादीचा खरा वारस कोण? चेटकीण मुळात वाईट, की गावाने तिला वाईट ठरवलं? खरं नाव तिथे कोणी लावत नसे. मालिकेतल्या डोहाच्या राणीचं नाव निळाई. पुष्पावतीने तेच घेतलं होतं.

उत्तमने मालिका कधी पाहिली नव्हती. पण या माणसांना कळवायला हवं, असं त्याला राहून राहून वाटत होतं. ती तिच्याशी रोज भांडलेली माणसं. निदान त्यांच्यातलं कोणी तरी तिच्याबद्दल खरं बोलेल. त्याने तिचा मोबाइल घेतला. पुष्पावती हे नाव तिथे कोणाला माहीत असणार? म्हणून त्याने लिहिलं, 'निळाई वारली.'

मालिकेचा शेवटचा भाग आदल्याच रात्री आला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

'अगं बाई, सांगितलंस कशाला? मी अजून बघितलाही नाही!'

'इतके दिवस गप्प, आणि आली ती ही घाण करायला.'

'सगळी मजा घालवली. मूर्ख बाई.'

'वारली म्हणजे भिंतीवर काढतात ती का?' हे पराग नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं, आणि पुढे हसून हसून रडणारी तोंडं ओळीने लावली होती.

उत्तमला आधी उमगेचना. उमगलं तेव्हा त्याने 'अहो, मी तिचा' इतकं लिहिलं, तोवर पडद्यावर आलं की ॲडमिनने तुम्हाला काढून टाकले आहे.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हाताशी आलेलं पातेलं त्याने फरशीवर आपटलं. दुकानाच्या पायरीशी भाजी घेऊन बसणारी धोंडीबाई दचकून मागे वळली.

"शेट, कोणावर एवढं तापलाय?"

"आहेत शहरातले शहाणे! माझी बायको मेली, तर म्हणतात आमची मजा घालवली!"

"मंग पातेल्यानं काय केलं तुमचं? फोन लावा नि त्यांला सोला."

ग्रुप चालवणारी प्रांजल नावाची मुलगी होती. उत्तमने तिचा नंबर शोधून पुष्पावतीच्याच मोबाइलवरून लावला.

"निळाईताई, नियम तुम्हाला माहीत आहे," ती उचलल्याउचलल्या म्हणाली. "पुढचं कोणी फोडायचं नाही. आठवड्याने घेते तुम्हाला परत."

"निळाईचा नवरा बोलतोय मी. निळाई म्हणजे पुष्पावती. तिला नाशिकला दवाखान्यात नेत होतो, तर तोरंगण घाटात गाडीतच गेली. तुमच्या मालिकेत नाही, बाई. इथे गेली. माझ्या मांडीवर."



"काका... आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं ते वाचलं मी! मेलेल्या बाईला मूर्ख म्हणालात, तिच्यावर दात काढलेत, वर हाकलून दिलंत."

ती रडायला लागली.

"रडू नका. आधी तिला आत घ्या."

तिने घेतलं, आणि काय झालं तेही सगळ्यांना कळवलं. मग मेणबत्त्यांची चित्रं येऊ लागली. कोणी लिहिलं, राणी डोहात परतली. कोणी लिहिलं, निळाई धुक्यापल्याड गेली. उत्तमचं टाळकं पुन्हा सटकलं. त्याने एका बोटाने टपाटपा लिहिलं, 'ती धुक्यात गेली नाही. नदीकाठी जाळलं आम्ही तिला. तिला नाव होतं. पुष्पावती. ते लिहा.'

मग एकेकाने पुष्पावतीताई लिहिलं आणि खाली आपलं खरं नाव घातलं. परागनेही घातलं. पण त्याला राहवेना. 'काका, राग मानू नका, मी शेवटचा भाग अजून पाहिला नाही. मग मालिकेत निळाई जिवंत आहे ना?'

'मला माहीत नाही,' उत्तमने लिहिलं. 'तिलाही कळलं नाही.'

यावर प्रांजलने लिहिलं, 'काका, गेल्या महिन्यात आम्ही सगळे म्हणत होतो की शेवटच्या भागात निळाई मरणार. ताई एकट्या आमच्याशी भांडत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, ज्या बाईच्या मागे एवढी कामं पडलीत, तिला मरायला सवड कुठे आहे? नाही मरत ती. माझ्याकडून लिहून घ्या.'

उत्तमने ते वाचलं, पुन्हा वाचलं. हे तिचंच बोलणं. दहा दिवसांत एवढी माणसं आली, पण तिचं बोलणं कोणी आणलं नव्हतं. त्याने मोबाइल तोंडासमोर धरला.

"मिळाली ना सवड!" तो ओरडला. "मिळाली ना! माझ्याकडून लिहून घ्या म्हणे! गाडीत बसताना काय म्हणालीस? संध्याकाळी येऊ परत म्हणालीस! खोटारडी!"

तवा बघायला आलेलं गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत फिरलं. धोंडीबाईने त्याला हाताने खुणावून आपल्या शेजारी बसवलं आणि शेटचं ओरडून होऊ दिलं.