अंगावर शिवलेली बंडी

लातूर जिल्हा झाला आणि दोन-तीन वर्षांत पावसानं अशी दडी मारली की ठेकेदारांचं नशीब उघडलं. नव्या जिल्ह्याला रस्ते हवे होते, कचेऱ्या हव्या होत्या, आणि खडी फोडायला लागणारी माणसं दुष्काळानं आयतीच आणून उभी केली होती. अहमदपूरचे व्यंकटराव या दिवसांत इतके वर आले की त्यांच्यापुढं एकच अडचण उरली. पैसा न्यायचा कसा?

पैसा न्यायचा लातूरला, बांधकाम खात्याच्या साहेबांच्या बंगल्यावर. साहेबांचा वाटा पोचल्याशिवाय पुढचं बिल हलत नसे, आणि साहेब तत्त्वाचे असल्यामुळं चेकला हात लावत नसत.

ही अडचण घेऊन व्यंकटराव बसस्टँडजवळच्या निजामोद्दीन टेलरकडं आले. दुकानात काजं करत बसलेली त्याची बायको आबेदा आत गेल्यावर हळूच म्हणाले, "निजामभाई, पेटी न्यावी तर लोक पेटीकडं बघतेत. जीपनं जावं तर जीपमागं डोळे लागतेत. मागं ज्वारीच्या पोत्यात घालून धाडलं, तर चोरांनी पोतंच पळवलं."

"मालक, दुष्काळात ज्वारी अशी उघड्यावर नेतेत व्हय?" निजामोद्दीन कळवळून म्हणाला. "नोटा न्यायच्या तर अंगावरच न्याव्यात."

त्यानं जाड मांजरपाटाची बंडी बेतली. उभे अरुंद कप्पे, म्हणजे गड्ड्या अंगाबरोबर वाकतात. जास्त भार पाठीवर, पोट मोकळं, म्हणजे बसता येतं. वरून सैल नेहरू सदरा. व्यंकटरावांनी एकच दुरुस्ती सुचवली, "गुंड्या नकोत. गुंडी असली की हात जातो. माझाबी जातो."

म्हणून बंडी अंगावरच शिवायची ठरली. आधी अहमदपुरात निजामोद्दीननं टाके घालायचे, दोघांनी एसटीनं निघायचं, आणि बंगल्यात दार लावून त्यानंच ते उसवायचे. गाडीत तो दोन बाकं मागं, ओळख नसल्यासारखा बसे. बंगल्यावर त्याला फ्रीजचं पाणी मिळे. सदऱ्यावरून काही म्हणजे काही दिसत नाही, याचाच त्याला मोठा अभिमान होता. पैसा कुणाचा आणि कशाचा, हे त्यानं कधी विचारलं नाही. टेलरनं माप विचारावं, असं तो स्वतःला सांगत असे.

वाटेत चाकूरच्या अलीकडं व्यंकटरावांचीच खडी फोडायची जागा लागे. ती आली की ते तोंडावर टॉवेल घेऊन झोपी जात. पण मे महिन्यातल्या त्या दुपारी गाडीचं इंजिन तापलं आणि नेमकं तिथंच बसलं. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गेला. माणसं लिंबाच्या सावलीला उतरली, व्यंकटरावांनाही उतरावं लागलं.

हातोडे थांबले. बायांची मुकादम पारूबाई पदरानं तोंड पुसत पुढं आली.

"मालक, होळीपासून मजुरी न्हाई. दुकानदार मीठबी देईना झालाय."

"पारूबाई, मी काय करू?" व्यंकटराव घाम निथळत म्हणाले. "जुना जिल्हा म्हणतो फाईल लातूरला धाडली, लातूर म्हणतं आलीच न्हाई. मीच कर्ज काढून राहिलोय. बिल पास झालं की..."

वाक्य तिथंच राहिलं. त्यांचे डोळे फिरले आणि ते आडवे झाले.

गाडीत सरकारी दवाखान्यातली नर्स शिवगंगा होती. ती धावत आली. "सरका, वारा येऊ द्या! सदरा काढा यांचा." सदरा वर केला, तर आत ही बंडी. "अगं बाई, उन्हाळ्यात रजई घातली का काय यांनी?"

"पट्टा हाय," निजामोद्दीन गर्दीतून म्हणाला. "कंबरेचा."

"कंबरेचा पट्टा गळ्यापर्यंत? ह्याला तर गुंडीबी न्हाई. कात्री हाय का कुणाजवळ?"

कात्री निजामोद्दीनच्या खिशात होती. त्यानं खिसा गच्च दाबून धरला. कापलं तर गिऱ्हाईक जातं, आणि न कापावं तर... त्यानं व्यंकटरावांकडं पाहिलं. ओठ निळे पडत होते. दूर कुणीतरी ब्लेड शोधत होतं. पारूबाईनं स्वतःची प्यायची घागर आणली, आणि ज्या पाण्यासाठी बाया कोसभर चालत ते पाणी मालकाच्या डोक्यावर ओतायला लागली. निजामोद्दीनला ते बघवलं नाही. त्यानं कात्री काढली आणि गुडघ्यावर बसला. एवढ्या घाईतही हात सवयीनं शिवणीवरूनच चालला, कापड वाचवत.

घामानं भिजलेल्या गड्ड्या एकेक करून धुळीत पडल्या.

पारूबाईनं घमेलं ओढलं, गड्ड्या त्यात रचल्या आणि शेजारी बसून मालकाला पदरानं वारा घालू लागली. थोड्या वेळानं व्यंकटरावांनी डोळे उघडले. पहिला हात छातीवर गेला.

"इथंच हाय, मालक," पारूबाई म्हणाली. "घमेल्यात हाय. बिल पास झालं व्हय?"

व्यंकटरावांनी वर पाहिलं. सगळी एसटी वाकून बघत होती.

"व्हय," ते क्षीण आवाजात म्हणाले. "तुमचीच मजुरी. जोखमीची रक्कम, म्हणलं स्वतःच्या अंगावर आणावी."

म्हाताऱ्या प्रवाशांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मजुरी तिथंच वाटली गेली, सुट्ट्या पैशांसाठी कंडक्टरनं आपली बॅग मोकळी केली. एवढं होऊनही घमेल्यात बरंच उरलं, पण एवढ्या लोकांनी पाहिल्यावर ते साहेबांपुढं ठेवण्याजोगं राहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात लातूरच्या एका साप्ताहिकात व्यंकटरावांचा फोटो आला: 'मजुरांसाठी प्राण पणाला लावणारा ठेकेदार.' निजामोद्दीनशी मात्र ते बोलेनासे झाले.

महिन्याभरात साहेबांचा शिपाई दुकानात आला. साहेबांना तसलंच काहीतरी शिवून पाहिजे होतं, पण विजारीत. छातीवर असलं की लोक वारा घालायला येतात, असं साहेबांचं मत पडलं होतं. शिलाई तिप्पट.

निजामोद्दीननं मशीनच्या चाकावर हात ठेवला. डोळ्यांपुढं ती घागर आली.

"साहेबांना म्हणावं, मला आताशा बारीक टाका दिसत न्हाई."

शिपाई गेल्यावर आबेदा बाहेर आली. "काल तर सुईत दोरा तुम्हीच ओवून दिला मला! तिप्पट पैसे सोडून राहिलात, डोस्कं ठिकाणावर हाय का?"

त्यानं मशीनचं चाक फिरवलं. दुसऱ्या दिवशी पारूबाई खणाचे तुकडे घेऊन आली, सोबत चार बाया. त्यांनी दुकानात ठाण मांडून शिलाईवर अशी घासाघीस केली की निजामोद्दीन निम्म्यावर आला. आबेदा कपाळाला हात लावून बसली, आणि त्यानं टेप काढून पहिलं माप घ्यायला तिलाच उठवलं.